‘विकत घ्या’ म्हणता, मग विकू का देत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत गेमिंगवर आपण पानभर मजकूर छापलात. त्यात एक वाक्य जाता जाता येऊन गेलं : आता सीडी घेऊन खेळणारं कोणी उरलं नाही, सगळं डाउनलोड झालं आणि ते गिऱ्हाइकाच्या सोयीचंच आहे. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

मी डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून सात मिनिटांवर, आठ बाय दहाच्या गाळ्यात जुन्या व्हिडिओ गेमच्या सीडी विकत घेते आणि विकते. म्हणजे यात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकते. डाउनलोडने माझा धंदा बुडवला. आज गल्ल्यात येणाऱ्या दहा रुपयांतले सहा मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि झेरॉक्स यांचे असतात. तेव्हा माझं म्हणणं त्या हिशेबाने चाळून घ्यावं, पण ऐकावं.

(खरं तर ती ब्लू-रे डिस्क असते. पण दुकानात येणारा प्रत्येक जण तिला सीडीच म्हणतो आणि मला ‘सीडीवाल्या काकू’. त्यामुळे इथेही सीडीच म्हणते.)

गाळा आम्ही २००० साली घेतला तो व्हीसीडी लायब्ररीसाठी. सिनेमा दिवसाला दहा रुपये, डिपॉझिट दोनशे. गेम शिरले ते प्लेस्टेशन टू (पीएस टू) या सोनीच्या गेम मशीनच्या काळात, आणि त्या काळाबद्दल खोटं कशाला बोलू? तेव्हा अस्सल सीडी कोणी घेतच नव्हतं. मशीनला नक्कल चालवून घेणारी चिप बसवायची आणि नक्कल केलेल्या सीडी शंभराला दोन-तीन अशा आणायच्या. सगळ्या मुंबईत हेच चाललं होतं, लॅमिंग्टन रोडपासून आमच्या जिन्याखालच्या टपरीपर्यंत. पुढे प्लेस्टेशन थ्री आलं तेव्हा नक्कल चालवणं अवघड होऊन बसलं. अस्सल सीडी अडीच-तीन हजारांची. डोंबिवलीतला कुठला बाप महिन्याला तीन हजारांचा गेम आणून देणार? जुन्या सीडीचा बाजार तिथून उभा राहिला. चोरीचा माल घेणारी पोरं अस्सल माल घ्यायला लागली, कारण तो पुन्हा विकता येत होता. अस्सल मालाचं मोल आमच्या भागाला जाहिरातींनी शिकवलं नाही, जुन्या बाजाराने शिकवलं.

माझ्याकडे वह्या आहेत. कोणती सीडी कोणाकडून कितीला घेतली आणि कोणाला दिली, सगळं लिहिलेलं. एका सीडीचा प्रवास त्यातून उतरवून देते. एप्रिल २०१८ मध्ये ‘गॉड ऑफ वॉर’ नावाचा गेम आला. टिळकनगरच्या एका मुलाने तो पहिल्याच आठवड्यात नवा घेतला, साधारण ४,००० रुपयांना. अठरा दिवसांत खेळून संपवला आणि माझ्याकडे आणला. मी २,६०० दिले आणि तीच सीडी ३,००० ला विकली. ज्याने घेतली त्याच्याकडून महिन्याभराने २,२०० ला परत घेतली, २,६०० ला दिली. मग १,८०० ला घेतली, २,२०० ला दिली. १,३०० ला घेतली, १,७०० ला दिली. ९०० ला घेतली आणि शेवटी अंबरनाथच्या एका पोराला १,२०० ला दिली. त्याने ती ठेवून घेतली.

सहा घरं झाली. पहिल्याला तो गेम १,४०० ला पडला, मधल्या चौघांना आठशे-नऊशेला आणि शेवटच्याला १,२०० ला. सहा जणांचे मिळून ५,९०० रुपये. त्यातले ४,००० नव्या मालाच्या साखळीत गेले आणि १,९०० माझ्याकडे आले, अडीच वर्षांत. हीच सहा घरं डाउनलोडवर गेली असती तर किमान सुरुवातीच्या भावाने २४,००० झाले असते. कंपनीचा हिशेब असा की आपलं २०,००० चं नुकसान झालं. माझा हिशेब असा की सहांतल्या पाचांनी तो गेम घेतलाच नसता. अंबरनाथच्या त्या पोराचे वडील गाडीवर भाजी विकतात. तो कुठून ४,००० काढणार होता?

आणि पहिल्या मुलाला मी दिलेले २,६०० कुठे गेले, हेही वहीत आहे. सप्टेंबरात स्पायडरमॅनचा नवा गेम आला तेव्हा ते त्याच्यात गेले. जुनं विकलं की नवं येतं. दसऱ्याला जुनी स्कूटर देऊन नवी घेणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता सीडी घ्यायची कशी तेही सांगते, कारण ‘जुना माल म्हणजे खराब माल’ असं पुष्कळांना वाटतं. सीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरायची. मधल्या भोकाकडून काठाकडे सरळ गेलेला ओरखडा असेल तर घ्यायची. लेझर तेवढं भगदाड ओलांडून जातो. काठाला समांतर, गोल फिरलेला ओरखडा असेल तर हात लावायचा नाही, तो वाचता वाचता अडकतोच. पीएस टूच्या डीव्हीडीला मशीनवर पॉलिश मारून घेता यायचं. ब्लू-रेला नाही. तिच्यात माहितीचा थर पृष्ठभागापासून मिलिमीटरच्या दहाव्या भागावर असतो, म्हणून वरून कडक लेप देतात. त्या लेपामुळे ओरखडे पडतातच कमी. गेल्या दहा वर्षांत ओरखड्यापायी परत केलेल्या सीडी माझ्या दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. केस मात्र सगळ्यांच्या तडकलेल्या असतात. पोरं त्यांच्यावर बसतात की काय, कोण जाणे.

हे मुद्दाम सांगितलं, कारण युरोपातल्या न्यायाधीशांशी माझं याच मुद्द्यावर पटत नाही. आमच्या गिऱ्हाइकांत एक वकील आहेत. फुटबॉलचा गेम दरवर्षी घेतात, दरवर्षी विकतात, आणि तेवढ्या वेळात मला फुकट कायदा शिकवतात. त्यांनी सांगितलं ते असं. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये एका खटल्यात म्हटलं होतं की कायमच्या वापरासाठी एकरकमी पैसे घेऊन दिलेलं सॉफ्टवेअर डाउनलोड केलेलं असलं, तरी गिऱ्हाईक ते पुढे विकू शकतं. ते धरून फ्रान्समधली एक ग्राहक संघटना स्टीम हे डाउनलोड गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीविरुद्ध कोर्टात गेली. २०१९ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या न्यायालयाने ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला : डाउनलोड केलेला गेमही विकता आला पाहिजे. मी त्या दिवशी वकीलसाहेबांना चहा पाजला. पण त्याच वर्षी डिसेंबरात युरोपीय न्यायालयानेच ई-पुस्तकांच्या खटल्यात उलट दिशा धरली. २०२२ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने गेमचा निकाल फिरवला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला.

कारण काय दिलं? डिजिटल प्रत वापराने झिजत नाही. जुनी प्रत हुबेहूब नवीसारखीच, त्यामुळे ती बाजारात आली तर नवीचं गिऱ्हाईक पळवेल. न्यायाधीशांचा मान राखून सांगते, त्यांनी माझ्या गाळ्यात एक महिना बसावं. सीडीही झिजत नाही. २,६०० ला घेतलेली आणि ९०० ला घेतलेली ‘गॉड ऑफ वॉर’ ही एकच सीडी होती, एकही ओरखडा नसलेली. भाव उतरला तो झिजेने नाही. ज्यांना तो घाईने खेळायचा होता त्यांचा खेळून झाला, नंतर दुसरे गेम आले, म्हणून उतरला. फुटबॉलच्या गेमचं तर पंचांगच असतं. सप्टेंबर संपता संपता नवा येतो आणि आदल्या आठवड्यात १,५०० ला जाणारा जुना तीनशेला कोणी विचारत नाही. सीडी तीच, चकचकीत.

आपल्याकडे काय? कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १४ मध्ये संगणक प्रोग्रॅमची प्रत विकण्याचा आणि भाड्याने देण्याचा हक्क मूळ मालकाला दिला आहे. पूर्वी तिथे ‘ती प्रत आधी विकली गेली असली वा नसली तरी’ अशा अर्थाचे शब्द होते. १९९९ च्या दुरुस्तीत ते गेले. वकीलसाहेबांचं मत, ते शब्द गेल्यामुळे एकदा विकलेली सीडी पुन्हा विकायला आडकाठी राहिली नाही. भाड्याने देणं मात्र मालकाच्याच हातात. हे समजलं त्या दिवसापासून मी गेम भाड्याने देणं बंद केलं. सांगायचा मुद्दा, एवढ्याशा दुकानालाही कायदा बघून वागावं लागतं. डाउनलोडच्या बाबतीत मात्र कायद्यापर्यंत जायची वेळच येत नाही. तुम्ही ‘मान्य आहे’ वर बोट ठेवता आणि त्या चाळीस पानांत लिहिलेलं असतं की तुम्ही काही विकत घेतलेलंच नाही. तुम्हाला फक्त वापरायची परवानगी मिळाली आहे आणि ती दुसऱ्याला देता येणार नाही.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. परवानगी विका, जरूर विका. पण मग बटणावर ‘विकत घ्या’ का लिहिता?

गेल्या जूनमध्ये एक मुलगा आला, जर्मनीला शिकायला निघालेला. अगदी लहान असल्यापासून माझ्याकडे यायचा. पीएस फोर, दोन रिमोट आणि तेवीस सीडी. मी एकेक बघून भाव लावला, एकूण साडेएकोणीस हजार झाले. बॅग भरायला उपयोगी पडतील म्हणून खूश झाला. मग मोबाइल काढून एक यादी दाखवली. अकाउंटवर घेतलेले एकतीस गेम. म्हणाला, “काकू, याचे किती द्याल?” मी म्हटलं, “शून्य.” त्याला थट्टा वाटली. त्याने तिथेच बसून बेरीज केली. सेलमध्ये घेतलेले धरून ४८,००० च्या वर निघाले. “पण बिलं आहेत माझ्याकडे,” म्हणाला. बिलं होती खरी. त्याची धाकटी बहीण घरी खेळणार होती. त्याचं अकाउंट तिला नावावर करून देता येईल का, म्हणून त्याने त्या कंपनीच्या मदत केंद्राला विचारलं. उत्तर आलं, नाही. पासवर्ड सांगून गुपचूप चालवतात तसं तिने चालवावं, एवढाच मार्ग. बहिणीला आपली वस्तू द्यायला चोरासारखं वागायचं!

अशी अकाउंटं विकणाराही एक बाजार आहे, टेलिग्रामवर आणि काही दुकानांत. एकच अकाउंट एका मशीनवर ‘प्रायमरी’ (मुख्य) आणि दुसऱ्यावर ‘सेकंडरी’ (दुय्यम) म्हणून लावून तोच गेम दोघा-तिघांना विकतात. आठवडाभर चालतो, मग मूळ मालक पासवर्ड बदलतो किंवा कंपनी अकाउंट बंद करते. पैसे घालवलेली पोरं माझ्याकडे येतात, जणू मी पोलीस चौकी आहे. मी ते धंदे केले नाहीत आणि करणार नाही. पण सरळ रस्ता बंद केला की आडवाट पडतेच. पीएस टूच्या काळात चिपा बसवायचे, आता पासवर्ड विकतात.

दुसरी गोष्ट. २०२२ मध्ये एक रिक्षावाले दादा मुलाला दहावीला चांगले मार्क पडले म्हणून पीएस फाइव्ह घेऊन आले. माझ्याकडे नाही, मोठ्या दुकानातून. डिजिटल एडिशन घेतलेली, दहा हजारांनी स्वस्त. बॉक्स रिक्षातच होता. माझ्याकडे आले ते जुन्या सीडी घ्यायला. मशीनला सीडी घालायची फटच नाही, हे मी त्यांना दाखवलं. त्यांनी बॉक्स दोनदा फिरवून बघितला. नवा गेम ५,००० पर्यंत, तोही ऑनलाइनच घ्यायचा आणि कधीच विकायचा नाही. वाचलेले दहा हजार तिसऱ्या-चौथ्या गेमला वसूल होतात, कंपनीकडून. विकणाऱ्या पोराने त्यांना हे सांगितलं नव्हतं. बहुधा त्यालाही कधी कोणी विचारलं नसेल.

२०१३ चा जून मला चांगला आठवतो. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स या आपल्या नव्या गेम मशीनवर जुन्या सीडींना बंधनं घालायचं जाहीर केलं, आणि दर चोवीस तासांनी मशीनने इंटरनेटवर हजेरी लावायची. सोनीने वीसेक सेकंदांचा व्हिडिओ काढून टिंगल केली : गेम मित्राला कसा द्यायचा? एकाने सीडी पुढे केली, दुसऱ्याने ‘थँक यू’ म्हटलं, संपलं. गिऱ्हाइकांनी असा गदारोळ केला की मायक्रोसॉफ्टला त्याच महिन्यात माघार घ्यावी लागली. आम्ही दुकानात पेढे वाटले. आणि २०२० मध्ये त्याच सोनीने फट नसलेलं मशीन काढलं. जे हुकूम म्हणून जमलं नाही, ते सवलत म्हणून जमलं.

माझ्या नणंदेची मुलगी पुण्यात एका गेम स्टुडिओत कामाला आहे. ती माझ्याशी भांडते. “मामी, तुझी ती सीडी सहा वेळा विकली गेली, त्यातल्या पाच वेळा बनवणाऱ्याला दमडी नाही मिळाली. रात्र रात्र जागतो आम्ही.” तिचं निम्मं म्हणणं मला पटतं. चार पोरांनी मिळून बनवलेला छोटा गेम सीडीवर कधीच आला नसता, तो डाउनलोडमुळेच जगतो आणि दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. त्याला जुना बाजार नसला तर माझं काही म्हणणं नाही. सेलमध्ये तीन हजारांचा गेम सहाशेला मिळतो तेव्हा मीही गिऱ्हाइकाला तोच घ्यायला सांगते. पण ज्या दिवशी सीडी आणि डाउनलोड एकाच भावाने बाजारात येतात, त्या दिवशी डाउनलोडवाल्याकडून सीडीच्या पुनर्विक्रीचेही पैसे घेतले जातात. पहिल्या मुलाला गेम १,४०० ला पडला, कारण २,६०० परत आले. डाउनलोडवाल्याला तोच ४,००० ला. छपाई नाही, डबी नाही, ट्रक नाही, माझ्यासारखी दुकानदार नाही, तरी भाव तोच. भाचीला मी हे विचारलं. ती म्हणाली, भाव आमच्या हातात नसतो. तेही खरं असेल.

सीडी म्हणजे अमरपट्टा, असंही मी म्हणत नाही. हल्ली डबीत सीडी असते आणि सीडीत गेम नसतो. २०२२ चा बंदुकांचा एक प्रसिद्ध गेम, त्याच्या पीएस फाइव्हच्या सीडीवर जेमतेम ७० एमबी होते. बाकी सगळं डाउनलोड. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरून ज्यांच्याशी जोडून गेम चालायचा ते आपले कॉम्प्युटर, बंद केले आणि ज्यांच्याकडे सीडी होती त्यांचाही गेम बंद पडला. माझ्याकडे त्याची एक सीडी अजून पडून आहे. चहाचा कप ठेवते तिच्यावर. त्यावरूनच, विकलेले गेम असे बंद पाडू नयेत म्हणून, युरोपात सह्यांची मोहीम निघाली आणि २०२५ च्या जुलैमध्ये दहा लाखांचा आकडा पार झाला.

कॅलिफोर्नियाने मात्र एक साधी गोष्ट केली. १ जानेवारी २०२५ पासून तिथे कायदा लागू झाला : डिजिटल माल विकताना ‘विकत घ्या’ असं लिहायचं असेल, तर तुम्हाला फक्त परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. स्टीमने तर आधीच, ऑक्टोबर २०२४ पासून, पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. त्या एका ओळीने जुना बाजार परत येणार नाही, मला ठाऊक आहे. पण रिक्षावाल्या दादांना पैसे देण्याआधी काय घेतोय ते तरी कळलं असतं.

मी ग्राहक पंचायतीची जुनी सभासद. दर महिन्याला आमच्या पंचायतीच्या गटाचं वाणसामान येतं, तेव्हा तुरीच्या डाळीच्या पिशवीवर वजन, भाव, पॅकिंगची तारीख सगळं बघून घ्यायची सवय लागलेली. पाच हजारांच्या गेमवर एवढंही नको? आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे. गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या वेबसाइटच्या क्लृप्त्यांची तेरा प्रकारांची यादी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये नियमावली काढून दिली. त्या यादीत चौदावा प्रकार घालायला काय हरकत आहे? परवान्याला ‘विक्री’ म्हणणं. आणि फट नसलेल्या मशीनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत, मराठीतही : ‘यात सीडी चालत नाही. घेतलेले गेम विकता किंवा कोणाला देता येणार नाहीत.’ आपल्या वृत्तपत्राने हा प्रश्न ग्राहक व्यवहार खात्याला विचारावा, एवढी विनंती.

आमच्या डोंबिवलीत पुस्तकांच्या आदान-प्रदानाचा सोहळा भरतो. वाचलेलं पुस्तक द्यायचं, दुसरं घेऊन जायचं. रांगा लागतात. मागे एकदा रांगेत माझ्यापुढचे आजोबा म्हणाले, “नातवाने मला ई-बुकं घेऊन दिलीत पन्नास. ती कुठे देऊ?” मला उत्तर सुचलं नाही.

जर्मनीला गेलेल्या मुलाच्या तेवीस सीडींतल्या एकोणीस गेल्या. चार उरल्यात. त्यातली एक क्रिकेटची आहे, ३०० रुपये. केस तडकलेली आहे, सीडी स्वच्छ.

आपली,
सीडीवाल्या काकू
डोंबिवली (पूर्व)
(दुकानाची जाहिरात होईल म्हणून नाव-पत्ता छापू नये.)